बीएसए एम२० : "मॅचिंग नंबर, फुल ओरिजिनल" म्हणतोय. खरं-खोटं कसं तपासू?

सेकंडगिअर

नमस्कार मंडळी. एरवी इथे वाचनमात्र असतो, पण या वेळी जाणकारांना विचारल्याशिवाय पुढे जायची हिंमत होत नाही.

दक्षिण मुंबईत जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या एकाकडे बीएसए एम२० ही जुनी ब्रिटिश मोटरसायकल बघून आलो. पाचशे सीसी, साइड व्हॉल्व्ह, पुढे गर्डर फोर्क आणि मागे सस्पेन्शनच्या नावाने फक्त सीटखालच्या स्प्रिंगा. त्याचं म्हणणं असं, की १९४३चं मॉडेल आहे, लष्करात होतं, लढाई संपल्यावर डिस्पोजलमध्ये, म्हणजे लष्कराच्या जुन्या मालाच्या विक्रीत निघालं, माझगावच्या एका कुटुंबाने घेतलं आणि परवापरवापर्यंत त्यांच्याच घरात होतं. "फुल ओरिजिनल, मॅचिंग नंबर, एक पार्ट बदललेला नाही." चेसिसवर आणि इंजिनवर एकच नंबर आहे हे त्याने बॅटरी मारून दाखवलंसुद्धा. टाकी आणि रिमा क्रोममध्ये चकचकतायत. दुसऱ्या किकला सुरू होते आणि आवाज... जाऊ दे, आवाजाबद्दल लिहायला लागलो तर तुम्ही म्हणाल, हा आधीच विकला गेलाय.

आरसी बुक आहे म्हणतो, पण टोकन दिलं की दाखवणार. मागितलेल्या पैशात दोन नव्या बुलेट येतील. घरी अजून काही बोललेलो नाही.

गाडी खरंच ओरिजिनल आहे का, हे माझ्यासारख्याने कसं बघायचं? प्लग साफ करण्यापलीकडे मला फारसं येत नाही.

येझदीवेडा

जावा घ्या. सिलिंडर एक, सायलेन्सर दोन, किक आणि गिअर एकाच दांड्यावर. पाचशे सीसी घेऊन सायनच्या सिग्नलला काय करणार आहात?

(बसलोय इथेच. चालू द्या.)

पाना_सोळा

टोकन देऊ नका. कागद आधी, पैसे नंतर. हे कुठल्याही जुन्या गाडीला लागू.

आता मुद्द्याचं. त्याने जी गोष्ट कौतुकाने दाखवली, नेमकी तीच मला खटकली. बीएसएने त्या काळात फ्रेमचा आणि इंजिनचा नंबर सारखा ठेवलेलाच नाही. बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ कारखान्यात फ्रेमची मालिका वेगळी चालायची आणि इंजिनची वेगळी. जोडणी झाली की दोन्ही नंबर वहीत टिपले जायचे, बस्स. बीएसएवर दोन्हीकडे एकच नंबर दिसायला लागला तो साठचं दशक सरत आलं तेव्हा. त्यामुळे १९४३च्या एम२०वर दोन्ही नंबर तंतोतंत जुळत असतील, तर त्यातला निदान एक तरी कुणीतरी मागाहून ठोकलाय. दोन मालिकांत योगायोगाने एकच आकडा आला असेल, हे मी मान्य करेन, पण त्या योगायोगाचे जादा पैसे देणार नाही.

'मॅचिंग नंबर' हा पन्नासच्या दशकातल्या ट्रायम्फ-नॉर्टनला लावायचा निकष आहे. तिथे तो बरोबर आहे. ज्याला हा फरक माहीत नाही तो सरसकट सगळ्या ब्रिटिश गाड्यांना तोच लावतो. गिऱ्हाईकही तेच विचारतं, मग विकणारा गिऱ्हाइकाला हवं ते तयार करून ठेवतो.

काय बघायचं ते सांगतो. युद्धकाळातल्या गाडीचा नंबर डब्ल्यूएम२० या अक्षरांनी सुरू होतो, फ्रेमवरही आणि इंजिनवरही. डब्ल्यू म्हणजे वॉर डिपार्टमेंटच्या ऑर्डरचा माल. इंजिनवरचा नंबर सिलिंडर क्रँककेसवर (इंजिनाच्या खालच्या पेटीवर) बसतो त्याच्या खाली, डाव्या अंगाला. फ्रेमवरचा स्टिअरिंग हेडजवळ. समोरून फ्लॅश मारून फोटो काढलात तर काहीही कळणार नाही. टॉर्च बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून धरा, म्हणजे खाचांच्या सावल्या पडतात. आकडे हाताने, एकेक पंच ठोकून मारलेले असत, त्यामुळे एखादा किंचित वर, एखादा तिरका, एखादा जास्त खोल असतो. सगळे आकडे पट्टी लावल्यासारखे सरळ आणि एकाच खोलीचे असतील तर शंका घ्या. आकड्यांपेक्षाही आकड्यांच्या भोवतालची जागा बघा. क्रँककेसचा बाकीचा भाग ओतीव, खरबरीत, तेलाने काळवंडलेला आणि तेवढीच पट्टी गुळगुळीत असेल, तिथे कानसेच्या समांतर रेघा दिसत असतील, तर आणखी पुरावा कशाला हवा?

आणि पेन्सिल प्रिंट घ्या. आरटीओत चेसिस नंबरचा घेतात तसा. पातळ कागद नंबरवर धरायचा आणि मऊ पेन्सिल आडवी घासायची. दोन्ही नंबरांचे प्रिंट शेजारी शेजारी ठेवलेत की एकाच पंचसेटने मारलेत का, ते घरी चहा पीत निवांत बघता येतं. मुख्य म्हणजे, मी प्रिंट घेतो म्हटल्यावर विकणाऱ्याचा चेहरा कसा होतो तेही बघा.

अप्पा_लालबाग

पान्याने नंबराचं सांगितलं, मी हाताला कळेल ते सांगतो.

ब्रिटिश गाडीचे आटे इंचातले. फ्रेमवर बहुतेक सायकल थ्रेड, इंचाला २६ आटे. केसिंगमध्ये जाणारे स्टड व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे. तुमच्याकडे मेट्रिक पाने असतीलच. १० नंबरचा, १३चा, १७चा खिशात टाकून जा. ज्या नटावर १३चा किंवा १७चा चपखल बसला तो नट नंतरचा. एखाद-दुसरा असायचाच, एवढ्या वर्षांत कुणाचा नट पडला नाही? पण इंजिन फ्रेमला धरून ठेवणारे मोठे बोल्टच मेट्रिक निघाले, तर इंजिन उतरवून बसवलेलं आहे आणि बसवणाऱ्याकडे व्हिटवर्थचे पाने नव्हते. एवढ्यावरून तो कसा कारागीर असेल त्याचा अंदाज करा.

दुसरं, रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक. टाकीवरून, मडगार्डवरून फिरवत न्यायचं. जिथे सुटतं तिथे पुट्टी. टाकीच्या खालच्या शिवणीवर जास्त वेळ द्या. मुंबईच्या हवेत टाकी खालून सडते, वरून कधीच नाही.

तिसरं ते क्रोम. १९४३ साली लढाईच्या गाडीला क्रोम कोण लावणार? रिमासुद्धा रंगवलेल्या असायच्या. चमकणारी गाडी शत्रूला दिसते, एवढी साधी गोष्ट आहे. तेव्हा 'लष्करात होती' आणि 'कारखान्यातून निघाली तशीच आहे' ही दोन वाक्यं क्रोमच्या टाकीसमोर उभं राहून एकत्र म्हणता येत नाहीत. एक कुठलं तरी सोडावं लागेल.

लालबागला आमच्या गॅरेजात एक डिस्पोजलची गाडी यायची. तिच्या टूलबॉक्सच्या मागे खरवडलं की रंगाचे थर निघायचे. वर काळा, त्याखाली चॉकलेटी, त्याखाली हिरवट खाकी. मालकाला वाटायचं गंजलंय.

हॉर्निमन

अप्पांनी सांगितलेल्या थरांना पक्का आधार आहे. युद्धाच्या सुरुवातीला खाकी हिरवा, १९४२पासून एससीसी २ नावाचा तपकिरी आणि १९४४पासून एससीसी १५ हा ऑलिव्ह. १९४३ची म्हणून विकली जाणारी गाडी असेल तर सगळ्यात आतला रंग तपकिरी निघायला हवा. अर्थात लष्करी वर्कशॉपमध्ये गाड्या पुन्हा रंगवल्या जात, म्हणून एका ठिकाणी न बघता टाकीच्या बोगद्यात, बॅटरी कॅरियरच्या आत, सीटच्या बिजागरीखाली, अशा तीन-चार जागी बघा. विकणाऱ्याला विचारून. नखाने नव्हे, थिनरच्या बोळ्याने आणि तेही अगदी थोडं.

तारखा आणखीही ठिकाणी सापडतात. लुकासच्या मॅगडायनोवर (ठिणगी आणि दिव्यांची वीज देणारं जोडयंत्र) महिना आणि साल ठोकलेलं असतं. ते गाडीच्या सालाच्या थोडं आधीचं असणं स्वाभाविक. १९५२चं निघालं तर मॅगडायनो नंतरचा. कार्ब्युरेटरवर अमल ही कंपनी लिहिलीय एवढ्यावर खूश होऊ नका. फ्लोट चेंबर, म्हणजे पेट्रोलची वाटी, वेगळं, बाजूला लटकलेलं असेल तर तो जुना प्रकार. मोनोब्लॉक असेल, म्हणजे चेंबर आणि बॉडी एकाच ओतीवात, तर तो पन्नासच्या दशकाच्या मध्यानंतरचा. स्पीडोमीटर स्मिथ्सचा क्रोनोमेट्रिक असेल तर काटा तरंगत वर जात नाही, टप्प्याटप्प्याने उडी मारत जातो. चालवून बघायला मिळाली तर हे लगेच कळेल.

एक खास युद्धकाळातली खूण. रबराचा तुटवडा झाला तेव्हा हँडलच्या मुठी कॅनव्हासच्या आणि फूटरेस्ट नुसते लोखंडी आले. आणि काही गाड्यांना धुळीसाठी मोठा एअर फिल्टर टाकीवर बसवलेला असे, त्यासाठी टाकीचा उजवा भाग कापून घेतलेला असायचा. तशी टाकी असेल तर मूल्य वाढतं, पण आता नव्याने ठोकलेल्या टाक्याही मिळतात, तेव्हा अप्पांचं लोहचुंबक आणि शिवण बघणं आहेच.

शेवटी कागदोपत्री पुरावा. इंग्लंडमधल्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबकडे बीएसएच्या डिस्पॅचच्या नोंदी आहेत. फ्रेम आणि इंजिन नंबरांचे स्पष्ट फोटो पाठवून, शुल्क भरून दाखला मागवता येतो. (मॅचलेस किंवा एजेएस असेल तर त्यांच्या नोंदी त्यांच्याच ओनर्स क्लबकडे आहेत आणि इंग्लंडात बनलेल्या रॉयल एनफिल्डच्या तिथल्या एनफिल्ड क्लबकडे.) या दाखल्यावर दोन्ही मूळ नंबर मिळाले की वादच संपतो.

कुमुद_पार्ले

मी यंत्रातली नाही, पण घरात एम२० होती म्हणून लिहिते.

बाबांची गाडी तुमच्यापैकी कुणाच्याच कसोटीला उतरली नसती. मॅगडायनो जळाला तेव्हा लुकासचा मिळणं अशक्य होतं. परदेशातून सुटा भाग मागवायचा तर लायसन्स लागायचं, आणि एका मोटरसायकलसाठी ते कोण देणार! मेकॅनिकने कॉइल बसवली. कार्ब्युरेटर बुलेटचा आला. पुढचा गर्डर एका पावसाळ्यात परळच्या खड्ड्यात वाकला, मग फोर्कही बुलेटचा. ती तशीच कित्येक वर्षं चालली. आई मागे बसून बाजाराला जायची.

मागे एकाने ती बघितली आणि "बिघडवलीय हो सगळी" म्हणाला. मला राग आला. त्या काळात मुंबईत गाडी चालू ठेवायची तर दुसरा काय मार्ग होता? ज्यांनी जपून कोपऱ्यात ठेवल्या त्यांच्या ओरिजिनल राहिल्या आणि ज्यांनी रोज वापरल्या त्यांच्या बिघडल्या, असा हिशोब असेल तर तो मला पटत नाही.

सेकंडगिअर, तुम्हाला चालवायला हवी आहे की ठेवायला, हे आधी ठरवा. चालवायला हवी असेल तर निम्मे प्रश्न गळून पडतील.

पाना_सोळा

कुमुदताई, तुमच्या बाबांच्या गाडीला मी कधीही बिघडवलेली म्हणणार नाही. तिच्याबद्दल कुणी खोटं बोलत नाहीये ना. बुलेटचा फोर्क आहे, तो बुलेटचा म्हणून दिसतोय. इथे हरकत पार्ट बदलण्याला नाही, बदलून तो बदललेला नाही असं सांगण्याला आणि त्याचे पैसे लावण्याला आहे.

लष्करातसुद्धा इंजिनं बदलली जायचीच. आपल्याकडे आयईएमई ही लष्कराची दुरुस्तीची शाखा १९४३मध्ये उभी राहिली, तिचं कामच ते. दोन मोडक्या गाड्यांतून एक चालती करायची. तेव्हा इंजिन दुसऱ्या एम२०चं निघालं म्हणून गाडी बाद, असं मी म्हणत नाही. तसा एम२०चा सव्वा लाखाच्या आसपास माल बनला, इंजिनं मुबलक होती.

हॉर्निमन

थोडा मतभेद. आंतरराष्ट्रीय पातळीवर फिवा नावाची संस्था आहे. तिच्या व्याख्येत निदान ३० वर्षांची, ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत जपलेली आणि रोजच्या वापरात नसलेली गाडी ऐतिहासिक धरतात. त्यातही वर्ग आहेत. हात न लागलेली वेगळी, रिस्टोअर केलेली वेगळी, सुटे भाग जमवून पुन्हा उभी केलेली वेगळी. त्या काळातच केलेल्या बदलांसाठीही वेगळी जागा आहे. म्हणजे कुमुदताईंच्या गाडीला जागा मिळण्याची शक्यता आहे. पण 'सगळं चालतं' असं म्हणून कसं चालेल? रॅलीत चकचकीत गाडीभोवती गर्दी होते आणि शेजारी मूळ रंगातली, पोपडे उडालेली गाडी एकटी उभी असते. लोकांनी क्रोमलाच ओरिजिनल समजायला सुरुवात केली आहे.

अप्पा_लालबाग

रॅलीवाल्यांची गाडी टेम्पोतून येते आणि टेम्पोतून जाते. जाऊ द्या.

येझदीवेडा

टेम्पोचा विषय निघाला म्हणून सांगतो, माझी येझदी गेल्या पावसाळ्यात

अप्पा_लालबाग

नको.

आरटीओ_त्रस्त

लोखंडाची चर्चा छान चाललीय. आता कागदाकडे या, कारण मुंबईत लोक गाडीने फसत नाहीत, कागदाने फसतात.

१. आरसीवर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही असतात. तुमचे पेन्सिल प्रिंट त्याच्याशी एकेक अक्षर जुळवा. ट्रान्सफरच्या वेळी फॉर्म २९ आणि ३० भरताना तेच प्रिंट मागतील. जुळलं नाही की फाइल तिथेच झोपली.

२. गाडीचा नंबर कुठल्या अक्षराने सुरू होतो? मुंबई राज्य होतं तेव्हाचा असेल तर पहिलं अक्षर बी. १९६०नंतर महाराष्ट्राच्या नंबरांना एम आलं. एमएच-०१ ही पद्धत १९८९च्या नव्या नियमांनंतरची. 'पहिल्यापासून एकाच घरात मुंबईत' आणि नंबर एमएच-१२ असं काही निघालं तर मधली गोष्ट विचारा.

३. आरसीवर मूळ मालकाचं नाव असेल आणि ते वारले असतील, तर वारसांनी आधी फॉर्म ३१वर आपल्या नावावर करून घ्यायला हवी. मधला दलाल "सही घेऊन ठेवलीय" म्हणतो, त्या सहीचा माणूस दहा वर्षांपूर्वी गेलेला असतो.

४. 'वाहन' या सरकारी ऑनलाइन नोंदणी प्रणालीवर नंबर टाकून बघा. जुन्या वहीतली नोंद कॉम्प्युटरवर चढलेलीच नसेल तर बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. हे काम विकणाऱ्याने विकण्याआधी करायचं, तुम्ही घेतल्यानंतर नव्हे. नंतर ताडदेव आरटीओच्या चकरा तुमच्या नशिबी.

५. चोरीची नोंद एनसीआरबीच्या (गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणारं केंद्रीय कार्यालय) 'वाहन समन्वय'वर तपासता येते.

आणि व्हिंटेजचा नियम. जुलै २०२१मध्ये केंद्राने अधिसूचना काढली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, ती दहा वर्षं चालते, पुढच्या नोंदणीला ५,०००. नवी पाटी व्हीए मालिकेची, पण ज्यांची नोंदणी आधीपासून आहे त्यांना जुना नंबर ठेवता येतो. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार नको. आणि मग ती रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. 'व्हिंटेज करून देतो, टेन्शन नाय' म्हणणारे दलाल हा शेवटचा भाग सांगत नाहीत.

सेकंडगिअर

सगळ्यांचे आभार. शनिवारी पुन्हा जाऊन आलो. टॉर्च, पातळ कागद, पेन्सिल, तीन पाने आणि रुमालातलं चुंबक, असा सरंजाम बघून त्याच्याकडचा पोऱ्या हसला. तो स्वतः हसला नाही.

टोकन देणार नाही, आधी आरसीची झेरॉक्स, म्हणून अडून बसलो. एक फोन केला, जरा कुरकुर केली आणि दिली.

आता ऐका. फ्रेमवरचा नंबर डब्ल्यूएम२०ने सुरू होतो. आकडे वेडेवाकडे, दोन आकड्यांत जुना रंग भरलेला. आरसीवर चेसिस नंबर तोच, अक्षरन् अक्षर. इंजिनवरही तोच नंबर, पण आकडे सरळ रेषेत, कडा धारदार, आणि भोवतालची पट्टी पाना_सोळांनी म्हटलं तशी गुळगुळीत. पेन्सिल प्रिंटमध्ये कानसेच्या रेघा आल्यात. दोन्ही प्रिंटमधला ४ शेजारी ठेवला तर भलताच वेगळा आहे.

आणि आरसीवर इंजिन नंबर वेगळाच आहे! डब्ल्यूएम२० अक्षरं आहेत, पुढचे आकडे पूर्ण निराळे.

म्हणजे कागदावर जे होतं ते बरोबरच होतं ना? दोन वेगळे नंबर, जसे कारखान्यातून यायचे तसे?

बाकी थोडक्यात. गाडीचा नंबर बी अक्षराचाच आहे. मालक बदलाच्या नोंदी मात्र तीन-चार आहेत, त्यातली एक पुण्याची. माझगावचं कुटुंब शेवटचं. इंजिन धरणाऱ्या दोन बोल्टांवर १७चा पाना खटकन बसला. टाकीवर चुंबक चांगलं चिकटलं, मागच्या मडगार्डवर हातभर सुटलं. मॅगडायनोवरचा शिक्का नीट वाचता आला नाही, वरून रंग मारलाय. टूलबॉक्सच्या मागे थिनर लावू दिलं नाही.

पाना_सोळा

तुमचा अंदाज बरोबर आहे. कागदावरची जोडी खरी असण्याची पूर्ण शक्यता होती. ती जोडी तशीच ठेवून "बीएसएचे नंबर असेच असतात" एवढं एक वाक्य गिऱ्हाइकाला समजावलं असतं, तर गाडी आज जास्त किमतीची असती. त्याऐवजी 'मॅचिंग' करायच्या नादात इंजिनवरचा पुरावा घासून टाकला आणि वर स्वतःच्याच आरसीशी न जुळणारं इंजिन करून ठेवलं.

आता प्रश्न असा, की आरसीतलंच इंजिन आहे आणि फक्त नंबर घासलाय, की इंजिनच दुसरं आहे? १७चा पाना बसला म्हणता, म्हणजे ते उतरवलेलं नक्की. बाहेरून बघून तर ते बीएसएच्याच मोठ्या एम२१चं आहे की नाही हेही पटकन कळत नाही. दोन्हींचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८२ मिलिमीटर. एम२०चा स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९४, म्हणून ४९६ सीसी. एम२१चा ११२, म्हणून ५९१. साइड व्हॉल्व्ह असल्यामुळे हेड काढायला व्हॉल्व्हना हातही लावावा लागत नाही, बोल्ट सोडले की पिस्टन समोर. वर-खाली करून व्हर्नियरने मोजलं की झालं. पण तो आता तुम्हाला तेवढं करू देईल असं दिसत नाही.

आरटीओ_त्रस्त

करू दिलं तरी करू नका. हा आता छंदाचा विषय राहिलेला नाही.

घासलेला नंबर म्हणजे उद्या तुमच्या नावावर असलेल्या गाडीवर खाडाखोड केलेला इंजिन नंबर. इंजिन बदललं तर ते आरटीओला कळवून आरसीवर चढवून घ्यायचं असतं, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. इथे कळवणं सोडाच, लपवलंय. कुठे अडकली तर गाडी पोलीस ठाण्यात उभी राहील आणि नंबर तपासायला कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे प्रकरण जाईल.

येझदीवेडा

एक गंभीर प्रश्न, खरंच. घासलेला नंबर प्रयोगशाळेत परत दिसतो म्हणतात ते कसं? घासल्यावर धातूच गेला ना?

पाना_सोळा

पंच ठोकला की खाचेखालचा धातूही दबतो, त्याची आतली ठेवण बदलते. वरचा थर घासला तरी हा दबलेला भाग खाली शिल्लक राहतो. पृष्ठभाग आरशासारखा करून त्यावर रसायन लावलं की दबलेला भाग आणि न दबलेला भाग वेगवेगळ्या वेगाने झिजतात आणि आकडे काही वेळ उमटतात. पोलादाला वेगळं रसायन, क्रँककेसच्या ॲल्युमिनियमला वेगळं. फार खोल घासलं असेल किंवा वर वेल्डिंग भरलं असेल तर काही मिळत नाही. आणि हे घरी करून बघायचं काम नाही. उरलासुरला पुरावा तुमच्याच हातून जाईल आणि खाडाखोड तुम्ही केली असं दिसेल.

हॉर्निमन

फ्रेम मात्र खरी वाटते आणि तिचे कागद आहेत. योग्य किमतीत, इंजिनाबद्दलचं सत्य लेखी घेऊन, आरटीओत विकणाऱ्याकडूनच इंजिनाची नोंद दुरुस्त करवून मिळाली, तर विचार करता येईल. फ्रेम नंबर आणि आरसीतला इंजिन नंबर घालून दाखला मागवा, दोन्ही एकाच नोंदीत सापडले तर निदान तो इतिहास वाचेल.

अप्पा_लालबाग

हॉर्निमनसाहेब, कागद दुरुस्त करून देणारा माणूस नंबर घासतो होय?

सेकंडगिअर

काल त्याला फोन केला. आरसीवरचा नंबर वेगळा आहे एवढंच म्हणालो. आधी म्हणाला, लिहिणाऱ्या कारकुनाची चूक. मग म्हणाला, जुन्या गाड्यांत असं असतंच. मग म्हणाला, वीस टक्के कमी करतो, पण आजच सांगा. तिन्ही गोष्टी एकाच फोनमध्ये.

नाही सांगितलं.

दाखल्यासाठी मात्र चौकशी पाठवतोय, गाडी घेणार नसलो तरी. त्या फ्रेममध्ये आधी कुठलं इंजिन होतं हे कळलं तर इथे लिहीन. उद्या ही गाडी दुसऱ्या कुणाला दाखवली जाईल आणि तोही इथेच येऊन विचारेल. आरसी आणि गाडी यांचे नंबर मुद्दाम पूर्ण टाकत नाहीये, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कळवतो.

कुमुदताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर : चालवायला हवी आहे. बाबांची गाडी अजून आहे का?

कुमुद_पार्ले

आहे. विकायची नाही. पण रविवारी सकाळी बघायला या, भावाला सांगून ठेवते. सुरू करायला माणूस लागतोच, त्याच्या गुडघ्याला आता किक झेपत नाही. आणि हो, तिचे दोन्ही नंबर वेगवेगळे आहेत. आत्ताच खाली जाऊन बघून आले.

अप्पा_लालबाग

येताना मलाही घ्या. व्हिटवर्थचे पाने माझ्याकडे आहेत. बुलेटचा फोर्क कसा बसवलाय ते बघायचंय.

येझदीवेडा

सगळं मार्गी लागलं असेल तर माझा प्रश्न. १९६२ची म्हणून एक जावा मिळतेय, मरून रंग, १८ इंची चाकं, आणि तो म्हणतोय फुल ओरिजिनल

पाना_सोळा

त्या जावाला १६ इंची चाकं असतात. वेगळा धागा काढा.